सहा पक्षी आणि अवघड उजेड: रंगांच्या नोंदी

२ फेब्रुवारी

आज प्रकल्पाची आखणी पक्की केली. एकाच तळ्याच्या काठावर दिसणाऱ्या सहा रंगीत पक्ष्यांची अशी छायाचित्रे मिळवायची आहेत, की त्यांतले रंग दुर्बिणीतून डोळ्यांना दिसलेल्या रंगांशी जुळतील. आणि हे सारे त्या त्या वेळी जो उजेड असेल त्यातच करायचे आहे. निवडलेले पक्षी असे: खंड्या, वेडा राघू, हळद्या, नीलपंख, स्वर्गीय नर्तक आणि जांभळा शिंजीर. फ्लॅश वापरायचा नाही, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचे नाही आणि घरट्याच्या आसपास फिरकायचे नाही. यांतला पहिला नियम चित्रासाठी आहे आणि उरलेले दोन पक्ष्यांसाठी.

साधने मोजकीच आहेत: ५०० मिमी एफ ५.६ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितके लेन्सचे छिद्र मोठे), मोनोपॉड म्हणजे एकपायी टेकू, आत लपून बसायला खाकी कापडाचे लपण, उजेडाचा रंग तपासायचे करडे ग्रे कार्ड आणि एक वही. वहीचे काम इतर साधनांइतकेच महत्त्वाचे मानले आहे. पक्षी उडून गेला की कॅमेऱ्याचा पडदा पाहण्याआधी, दिसलेल्या रंगांची नावे तिच्यात लिहायची. पडदा एकदा पाहिला की आठवणीतला रंग त्याच्या बाजूने सरकतो आणि मग तुलना करायला काही उरत नाही, हे मागे अनेकदा अनुभवले आहे.

५ फेब्रुवारी

सूर्योदयानंतर चाळीस मिनिटांनी खंड्या पाण्यावर झुकलेल्या वाळक्या फांदीवर येऊन बसला. ऊन माझ्या पाठीमागून थेट त्याच्या अंगावर पडत होते, म्हणजे पुस्तकी नियमाप्रमाणे सर्वांत सोपा उजेड. आयएसओ (कॅमेरा चित्र किती उजळवतो तो आकडा) ४००, शटर १/८०० सेकंद, छिद्र पूर्ण उघडे. वहीत लिहिले: “पाठीवरचा पट्टा आकाशी, कडेला मोरपिशीकडे झुकणारा, पोट भाजक्या विटेसारखे, मध्ये किंचित केशरी, गळा पांढरा.”

घरी येऊन मोठ्या पडद्यावर ९४ फ्रेम पाहिल्या तेव्हा पोट विटेसारखे नव्हते, सपाट नारिंगी होते. पिसांच्या कडा, त्यांच्यामधल्या बारीक सावल्या, पोटाचा गोलवा, सगळे एका रंगाच्या ठिगळात बुडाले होते. गंमत म्हणजे मैदानात हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातल्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा आलेख, निर्दोष दिसत होता. उजवीकडच्या भिंतीला, जिथे छटा जळून जातात तिथे, तो टेकलाही नव्हता.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, पण ते आधीच ध्यानात यायला हवे होते. मी पाहत होतो तो एकत्रित तेजस्वितेचा हिस्टोग्राम होता. चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तीन चॅनेलचे बनते, आणि या आलेखात हिरव्या चॅनेलचे वजन सर्वांत जास्त, लालचे त्याहून बरेच कमी आणि निळ्याचे नगण्य असते. नारिंगी पोटाने लाल चॅनेल पार भरून ओसंडला होता, पण हिरवा आणि निळा निवांत असल्यामुळे सरासरी आलेख शांत राहिला. मुळात सेन्सरही तिन्ही रंगांना सारखे वागवत नाही. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी १९७६ च्या पेटंटात मांडलेली गाळणीची जाळी आजही बहुतेक कॅमेऱ्यांत आहे, आणि तिच्यात निम्मे बिंदू हिरव्याचे, पाव लालचे व पाव निळ्याचे असतात. त्यात सकाळचे कोवळे ऊन आधीच लालसर असते. म्हणजे लाल पोटावर लाल ऊन पडत होते आणि मी हिरव्याची साक्ष काढत होतो.

६ फेब्रुवारी

तीच फांदी, तीच वेळ. आज कॅमेऱ्यात तिन्ही चॅनेलचे वेगवेगळे आलेख दाखवण्याची सोय सुरू केली आणि चित्रशैली सर्वांत फिकी ठेवली, कारण कॅमेऱ्यातला आलेख रॉ फाइलवरून, म्हणजे सेन्सरच्या कच्च्या नोंदीवरून, बनत नाही, तिच्यातून तयार केलेल्या भडक जेपीजीवरून बनतो आणि म्हणून प्रत्यक्षाहून आधीच घाबरवतो किंवा फसवतो. खंड्या एकूण अकरा मिनिटे बसला. दर काही फ्रेमनंतर एक्स्पोजर, म्हणजे चित्रासाठी घेतलेला उजेड, तृतीयांश स्टॉपने कमी करत गेलो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). उणे एक स्टॉपवर लाल आलेख भिंतीपासून सुटला आणि घरी आल्यावर त्याच फ्रेममध्ये पोटाची पिसे एकेक मोजता आली. पाठीचा आकाशी पट्टा अर्थातच काळवंडला होता, पण तो नंतर उचलता येतो. जळलेला लाल परत आणता येत नाही, कारण तिथे माहितीच नसते.

तेव्हा पक्ष्याच्या अंगावर जो रंग सर्वांत आधी जळणार आहे त्याच्यासाठी एक्स्पोजर ठरवायचे आणि उरलेले मागाहून सावरायचे, असे या पक्ष्यापुरते तरी ठरले. पांढरा गळा आधी जळेल असा माझा समज होता; या उन्हात केशरी पोट त्याच्याही आधी जळते.

११ फेब्रुवारी

वेडे राघू पश्चिमेकडच्या तारेवर चार वाजल्यापासून बसतात आणि त्या वेळी सूर्य नेमका त्यांच्या मागे असतो. हा पक्षी छायाचित्रकारावर उपकार करणारा आहे: हवेत झेप घेऊन माशी पकडतो आणि पुष्कळदा त्याच जागी परत येऊन तिला तारेवर आपटतो. त्यामुळे तो गेलेला असताना रिकाम्या तारेवर मोजमाप करता येते, फोकस आधी बसवता येतो, आणि चुकले तर दोन मिनिटांत दुसरी संधी मिळते.

पहिल्या अर्ध्या तासात सरळ आकाशाच्या पार्श्वभूमीवर घेतलेल्या सगळ्या फ्रेम वाया गेल्या. आपल्यासमोर सरासरी करडे दृश्य आहे असे कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर धरून चालतो. उजळ आकाश दिसले की तो सारे चित्र खाली ओढतो आणि पक्ष्याचा कोळसा होतो. एक आणि तृतीयांश स्टॉप वाढवल्यावर पोपटी पाठ दिसू लागली, पण आकाश कागदासारखे कोरे झाले आणि त्याच्या चकाकीने चोचीची कड खाल्ली. मग कॅमेऱ्यातले आकडे बदलत बसण्याऐवजी लपणासकट डावीकडे साताठ पावले सरकलो. आता तारेमागे आकाशाऐवजी सावलीतला बांध आला, आणि आकाश व पक्षी यांच्यातला झगडाच संपला.

त्यानंतर जे दिसले त्यासाठी ही नोंद लांबवतो. राघू परत येताना पंख पसरून थांबला तेव्हा मागून आलेले ऊन पंखांतून आरपार गेले आणि उड्डाणपिसे तांब्याच्या पातळ पत्र्यासारखी पेटली. कडेची काळी किनार तेवढी तशीच राहिली. अंगावरची पोपटी छटा मात्र त्याच उजेडात मळकट झाली. तांबूस रंग पिसातल्या रंगद्रव्याचा असतो, त्यामुळे उजेड समोरून येवो वा पिसाच्या आरपार जावो, तो रंग टिकतो. खंड्याच्या निळ्याचे तसे नाही. निळ्या पिसात निळे रंगद्रव्य नसतेच. केराटिन (पिसे ज्याची बनतात ते प्रथिन) आणि हवेच्या अतिसूक्ष्म जाळीवरून निळा प्रकाश परत फिरतो म्हणून पीस निळे दिसते, आणि तेच पीस उजेडाकडे धरून पाहिले तर तपकिरी-करडे दिसते. यावरून पुढच्या कामासाठी एक विभागणी झाली: राघूसाठी पाठीमागचा उजेड चालेल, खंड्यासाठी मुळीच नाही.

१२ फेब्रुवारी

काल संध्याकाळी लावलेली वाढ आज सकाळी काढायला विसरलो. खंड्या कधी नव्हे तो सहा-सात मीटरवर बसला, मासा डोक्याकडून गिळला, ६३ फ्रेम झाल्या, आणि त्या सगळ्यांत पोट आणि गळा जळून एक झाले आहेत. दोष सर्वस्वी माझा. लपणात बसल्याबरोबर आयएसओ, कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबात हाताने केलेली वाढ-घट) आणि व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे करायची दुरुस्ती) मोठ्याने वाचायचे, असे वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले आहे.

१७ फेब्रुवारी

हळद्याने तीन दिवस दमवले. तो शेंड्याजवळ, पानांच्या आड, क्षणभर उन्हात आणि क्षणभर सावलीत असा वावरतो. वहीत रोज एकच शब्द उतरला आहे, “हळदीचा”, आणि पडद्यावर रोज एकच रंग येतो आहे, कच्च्या लिंबाचा. पहिल्या दिवशी वाटले की व्हाइट बॅलन्स चुकला असेल. दुसऱ्या दिवशी तो दिवसाच्या उजेडावर कायम केला, तरी तेच.

आज झाडाखाली ग्रे कार्ड धरले तेव्हा उलगडा झाला. कार्ड करडे दिसतच नव्हते. त्यावर सरळ हिरवी झाक होती. पानांमधून गाळून येणारा आणि पानांवरून उडून येणारा उजेड हिरवा असतो. आपला मेंदू ती झाक नकळत वजा करतो, सेन्सर करत नाही. पिवळ्या पिसांवर हिरवा उजेड पडला की जो रंग होतो तो लिंबाचाच. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या व्हाइट बॅलन्सचा काटा निळा ते पिवळसर या दिशेने फिरतो. तो कितीही फिरवला तरी हिरवी झाक जात नाही. तिच्यासाठी हिरवा ते किरमिजी ही दुसरी पट्टी हलवावी लागते. कार्डावरून ती बसवली आणि शेजारच्या फांदीवरचा हळद्या पहिल्यांदाच हळदीचा झाला.

मात्र हा इलाज पूर्ण नाही आणि तसा आव आणण्यात अर्थ नाही. पक्ष्याच्या पाठीवर एक कवडसा पडला असेल तर तिथे उजेड थेट सूर्याचा असतो आणि बाकीच्या अंगावर पानांचा. एकाच पक्ष्यावर दोन उजेड असताना एक व्हाइट बॅलन्स दोघांना लागू पडत नाही. शिवाय कवडसा आणि सावली यांच्यात आज मोजला तेव्हा साडेतीन स्टॉपचा फरक निघाला. कवडशासाठी मोजले तर पोट चिखल, पोटासाठी मोजले तर पाठीवर पांढरे भोक. अशा वेळी बोट बटणावरून काढून घेणे एवढेच करता येते. साडेदहाच्या सुमारास एक पातळ ढग सूर्यावरून गेला, कवडसे विझले, आणि त्या सुमारे चाळीस सेकंदांत मिळालेल्या नऊ फ्रेमच काय त्या तीन दिवसांची कमाई आहे.

१८ फेब्रुवारी

नीलपंख भर दुपारी. सगळे सांगतात की दुपारी कॅमेरा बंद करून ठेवावा, आणि बसलेल्या पक्ष्याच्या बाबतीत ते खरेच आहे: डोळ्यांवर भुवईची सावली, पोट काळे, पाठ पांढरट. पण नीलपंख बसलेला असताना तसाही मातकटच दिसतो. त्याचे निळे पंखांत दडलेले असते आणि उडाल्याशिवाय दिसत नाही. तळ्याच्या कोरड्या बाजूची जमीन फिकट आहे. तो खांबावरून खाली झेपावला तेव्हा त्या जमिनीवरून उसळलेल्या उजेडाने पंखांची खालची बाजू अशी उजळली, की सकाळच्या तिरप्या उन्हात तिथे निम्माही उजेड पोचला नसता. भर उन्हासाठीचा जुना ठोकताळा, एफ १६ ला शटर एक भागिले आयएसओ इतके सेकंद, येथे नेमका लागू पडला: आयएसओ ४००, छिद्र एफ ५.६, म्हणजे तीन स्टॉप उघडे, म्हणून शटर १/३२००. मीटरकडे पाहिलेही नाही.

मात्र अंतराने घात केला. साधारण साठ मीटरवरून घेतलेली एकही फ्रेम धारदार नाही. तापलेल्या जमिनीवरची हवा उकळत्या पाण्यासारखी हलते आणि लांब लेन्समध्ये ती हालचालही मोठी होऊन येते. त्यावर शटरचा वेग किंवा महागडी लेन्स हा इलाज नाही. पंचवीस मीटरवरून गेलेल्या एका झेपेच्या चार फ्रेम स्वच्छ आहेत. वहीतले शब्द “पंखात गडद निळा, मग आकाशी, मग पुन्हा गडद” आणि चित्र यांत फरक नाही.

२४ फेब्रुवारी

स्वर्गीय नर्तकाचा नर ओढ्याच्या वळणावर, जिथे दुपारनंतर उजेड जवळपास संपतो तिथे, पाण्यात बुडी मारून अंग धुवायला येतो. पांढरेशुभ्र अंग, निळसर झाक असलेले काळे डोके, आणि हातभर लांब वाटणारी शेपटीची दोन पिसे. गर्द सावलीत पांढरा पक्षी म्हणजे मीटरला सर्वांत मोठा चकवा: चौकट अंधारी, म्हणून मीटर सगळे वर ओढतो आणि पक्षी बर्फाच्या गोळ्यासारखा सपाट होतो.

आयएसओ ६४००, छिद्र पूर्ण उघडे, आणि तरीही शटर १/२५० च्या वर नेता आले नाही. पाचशे मिमी लेन्सला हातात धरून हा वेग अपुरा आहे, पण मोनोपॉड आणि झाडाच्या बुंध्याला टेकलेली पाठ यांवर भागले. कॅमेऱ्याच्या हलण्यावर असा उपाय आहे, पक्ष्याच्या हलण्यावर नाही. म्हणून तो पाण्यातून उठून फांदीवर बसतो, अंग झटकतो आणि पुन्हा झटकण्याआधी अर्धा क्षण थबकतो, तो अर्धा क्षण हेरून पाच-पाच फ्रेम घेतल्या. दोन तासांत १८० फ्रेम झाल्या, त्यांतल्या सात धारदार आहेत.

आयएसओ कमी ठेवून काळी फाइल आणायची आणि घरी उजळवायची, हेही करून पाहिले. आयएसओ १६०० वर दोन स्टॉप अंधारी ठेवलेली फ्रेम उजळवल्यावर तिच्यातले दाणे आणि ६४०० च्या फ्रेममधले दाणे यांत मला फरक काढता आला नाही. तसे व्हायलाच हवे, कारण दोन्ही वेळी सेन्सरवर पडलेला उजेड तेवढाच होता. दाणे मुख्यतः उजेडाच्या तुटवड्यातून येतात, आयएसओच्या आकड्यातून नाही. एवढा फायदा मात्र झाला, की कमी आयएसओच्या फाइलमध्ये पांढऱ्या छातीवरची पिसे सुखरूप राहिली. काळ्या डोक्यातली निळसर झाक दोन्हींकडे हरवली आहे. तिच्यासाठी उजेडाचा एखादा तिरपा झोत हवा, आणि तो त्या वळणावर कधीच येत नाही. ही उणीव प्रकल्पात तशीच नोंदवली जाईल.

१ मार्च

दिवसभर ढग आणि मधूनच पावसाची भुरभुर. खंड्या त्याच फांदीवर. आयएसओ ८००, शटर १/५००. आकाशच एक मोठा पांढरा पडदा झाल्यामुळे सावल्या नाहीत, आणि लाल चॅनेल एवढा सौम्य, की कॉम्पेन्सेशन शून्यावर ठेवता आले. वहीत आज “पाठ मोरपिशी, पोट विटकरी” असे आहे, आणि चित्रातही अगदी तसेच. उन्हातल्या चित्रापेक्षा निळा कमी लखलखीत असूनही जास्त भरीव वाटतो, कारण पिसांच्या गुळगुळीत पृष्ठभागावरची पांढरी चमक आज त्याच्यावर नाही. खंड्यासाठीचे अंतिम चित्र आजच्यांतून निवडणार. ५ तारखेच्या ९४ फ्रेम पुसून टाकल्या.

६ मार्च

निवडलेल्या चित्रांचे छाप काढून आणले आणि सगळे अर्धा-पाऊण स्टॉप काळे निघाले. चूक छापणाऱ्याची नाही. मी रात्री अंधाऱ्या खोलीत, पूर्ण तेजावर ठेवलेल्या पडद्यासमोर बसून चित्रे सुधारत होतो. पडदाच भडक, त्यामुळे चित्र पुरेसे उजळ वाटत होते. पडद्याचे तेज बरेच खाली आणले आणि शेजारी दिव्याखाली पांढरा कागद ठेवून दोन्ही सारखे दिसतील असे जुळवले.

दुसरी अडचण खंड्याच्या पाठीची. तिथला मोरपिशी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपटात, म्हणजे फाइलमध्ये मांडता येणाऱ्या रंगांच्या मर्यादेत, मावत नाही. तो फाइलमध्ये बसवताना जवळच्या निळ्यावर ढकलला जातो आणि पट्ट्यातले बारकावे पुसले जातात. आता संस्करण रुंद रंगपटात करतो आणि शेवटी एसआरजीबीत आणताना त्या एकाच पट्ट्याची गडदता हाताने कमी करतो. थोडा फिका पण पिसे दिसणारा मोरपिशी हा भडक आणि सपाट मोरपिशीपेक्षा वहीतल्या शब्दाला जवळचा आहे.

११ मार्च

शेवटचा पक्षी, जांभळा शिंजीर. नऊच्या सुमारास फुलोऱ्यावर आला आणि पहिल्या पन्नास फ्रेममध्ये तो केवळ काळा आहे. उजेड भरपूर होता, पक्षी आठ मीटरवर होता, फोकस डोळ्यावर होता, तरी काळा. या पक्ष्याचा रंग पिसांतल्या मेलॅनिन या गडद रंगद्रव्याच्या अतिसूक्ष्म थरांवरून परत फिरणाऱ्या प्रकाशाचा असतो आणि तो ठरावीक कोनातच डोळ्यापर्यंत पोचतो. खंड्याच्या निळ्याला दिशा थोडी सूट देते, शिंजीर देत नाही. एक्स्पोजर वाढवून काही होत नाही. काळ्याचा करडा होतो, जांभळा होत नाही.

म्हणून लपण उचलून सूर्य आणि फुलोरा यांना जोडणाऱ्या रेषेच्या शक्य तितके जवळ नेले, म्हणजे माझी सावली जवळजवळ फुलांकडे रोखलेली राहील असे, आणि एक्स्पोजर रंग चमकेल असे धरून पाऊण स्टॉप आधीच कमी केले. वीस मिनिटे तो पाठमोरा किंवा आडवा होता. मग फुलात चोच घालून त्याने मान बाहेर काढली आणि माझ्याकडे वळवली. सेकंदाला बारा फ्रेमच्या त्या मालिकेत तिसऱ्या फ्रेममध्ये गळा कोळशासारखा आहे, चौथ्यात कडेला हिरवट रेघ उमटली आहे, आणि सहाव्यात कपाळापासून छातीपर्यंत जांभळा-निळा उसळला आहे, इतका की पाऊण स्टॉप कमी करूनही निळा चॅनेल भिंतीला टेकता टेकता राहिला. आठव्यात पुन्हा काळा.

वहीत त्या क्षणानंतर लिहिलेली ओळ अशी आहे: “काळा. मग नाही. मग काळा.” रंगाचे नाव लिहायचे राहून गेले. त्यामुळे शिंजिरापुरता नियम मोडून प्रकल्पात एकाऐवजी दोन चित्रे ठेवतो आहे, तिसरी आणि सहावी फ्रेम, एकमेकांपासून पाव सेकंदाच्या अंतरावरची, शेजारी शेजारी आणि सारख्याच आकारात.